लघवीची गोळी आणि काहील

हार्टचं पेशंट गोळ्या का घेत न्हाईत म्हणून मोठमोठं डॉक्टर डोकं धरून बसत्यात म्हणं. एवढं कशाला? मला इचारायचं की. गोळ्या न घेण्यात माझा हात धरणारा आख्ख्या कसबा बावड्यात कोण न्हवता. शाळंत मी दुसरीत दोनदा बसलो आणि दोनदा बी तिथंच ऱ्हायलो, पण ह्या इषयात माझा पयला नंबर हाय, आणि त्यो बी कॉपी न करता.

मी गुळव्या. गुऱ्हाळावर काहिलीत उसाचा रस उकळत असतोय, त्याचा गूळ नेमका कवा झाला हे सांगणारा माणूस म्हंजे गुळव्या. त्याला घड्याळ न्हाय, काटा न्हाय. रंग बघायचा, वास घ्यायचा, बुडबुड्यांचा आवाज ऐकायचा आणि वरडायचं, “उतरवा!” मग गडी दांडं लावून काहील ओढत्यात आणि पाक गार व्हायला वाफ्यात, म्हंजे उथळ हौदात वतत्यात. आधी उतरवली तर गूळ बसत न्हाय, उशीर झाला तर करपतोय. मधी जी थोडी वेळ असती, त्या वेळंला गुळव्याचा बाप मेला तरी त्यानं जाग्यावरनं हलायचं न्हाय. माझा बाप शाणा, त्यो भर पावसाळ्यात मेला.

मला झटका आला त्यो दसऱ्याच्या तोंडावर. मोबाईल अजून कुणाच्या खिशात आलं न्हवतं, तवाची गोष्ट. सीझनच्या आधी घरामागं बसून मी दांडं तासत हुतो. छातीत असं दाबल्यागत झालं, जसं काय कोणतरी गुळाचा रवा, आख्खी ढेप आणून वर ठेवलीय. मी म्हटलं, पित्त. सोडा मागवून प्यालो. मग पित्तावर गूळ चांगला म्हणून गुळाचा खडा खाल्ला. आणि शाणा माणूस एका औषधावर थांबत न्हाय, म्हणून वर तंबाखूची चिमट बी लावली. आमच्या बायकोनं माझा घाम बघितला आणि तशीच बाहीर पळाली. रस्त्यावर जाऊन दुधाचा टेम्पो आडवला आणि मला कॅनांच्या मधी आडवा घातला. शाहूपुरीतला दवाखाना येईपतोर एक कॅन माझ्या पायावर आणि एक पोटावर. हार्टनं मेलो असतो तर दुधानं मेला म्हणून नोंद झाली असती.

दवाखान्यातला डॉक्टर माझ्यापेक्षा ल्हान, बोटं कापसागत मऊ. दोन-चार दिवसांनी मी जरा बसता झालो तवा त्यो म्हणला, “मामा, तुमच्या हृदयाचा थोडा भाग गेलाय.”

“कुटं?”

“म्हणजे निकामी झालाय.”

“मग परत कवा येतोय?”

त्यानं चष्मा काढून पुसला. माझ्याशी बोलताना चष्मा पुसणारी माणसं मी लई बघितल्यात.

घरी सोडताना त्यानं गोळ्यांची पिशवी हातात दिली. मला अक्षर लागत न्हाय हे त्याला कळलं हुतं, म्हणून रंगावर सांगटलं. पांढरी जेवणानंतर. गुलाबी सकाळ-संध्याकाळ. ही बारकी सकाळी उठल्याबरोबर, लघवीची, अंगात साठणारं पाणी काढती. आणि ही छातीत दुखलं तर जिभंखाली धरायची.

“किती दिवस घ्यायच्या?” मी म्हटलं.

“आयुष्यभर.”

“आयुष्यभर म्हंजे कितपत धरू?”

“ते तुम्ही गोळ्या घेता का नाही, त्याच्यावर आहे.”

मी मोठ्यानं हसलो. बायको हसली न्हाय. तिला जोक उशिरा कळत्यात असं मला तवा वाटलं.

आता खरी अडचण. दिवाळीच्या पाडव्याला नव्या गुळाचं सौदं निघत्यात, म्हंजे त्याच्या आधी काहील चढलीच पायजे. आणि गुळव्याला हार्टचा झटका येऊन गेलाय हे मालकाला कळलं, की काहील गेली. मालक माणूस वाईट न्हवता. घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ, आवाज असा की रानात बोलला तर तिकडं साखर कारखान्यात कामगारांनी मान वर करावी. पण उकळत्या काहिलीपुढं कवाबी पडंल असा माणूस कोण उभा करतंय? पडला काहिलीत तर माणूस बी गेला आणि आदण बी गेलं. आदण म्हंजे एका वेळंला काहिलीत घातलेला रस. त्यातला माणूस काढता येतोय, पण असला गूळ सौद्यात कोण घेणार?

आणि काहील गेली तर मी कोण? मला दुसरं काय येत न्हवतं. ऊस तोडाय गेलो असतो तर उसानंच मला तोडलं असतं. काहिलीपुढं उभा असलो की बावड्यात मला ‘या गुळवं, बसा गुळवं’ हुतं. उतरलो की मी नुस्ता लाल टोपीतला एक माणूस.

मी मालकाला म्हटलं, पित्त उठलंतं. त्याचा लगेच इश्वास बसला. आमच्याकडं देवावर कुणाचा नसंल, पण पित्तावर सगळ्यांचा असतोय.

बायकोला मात्र सगळं ठावं. ती म्हणली, “अवो, मी कुणाला सांगत न्हाय. पण गोळ्या चुकल्या तर गुऱ्हाळावर येऊन चारचौघांत बोंब मारीन.”

“चुकतोय कशाला?”

“चुकायचंच काम जमतंय तुमास्नी.”

पयल्या दिवशी मी सगळ्या गोळ्या घेतल्या. खोटं बोलत न्हाय, एक दिवस घेतल्या. सकाळी काहील चढली, रस तापाय लागला, रसावरची मळी काढायची वेळ झाली, आणि त्या बारक्या गोळीनं आपलं काम सुरू केलं. मी उसात पळालो. परत आलो, झारा हातात घेतला, परत उसात. मला वाटतंय डॉक्टरनं हृदयातलं न्हाय, पंचगंगंतलंच पाणी काढाय लावलंतं. काहिलीखाली चुलवाणात चिपाड सारणारा गडी बसल्या बसल्या म्हणला, “गुळवं, आज उसाला पाणी पाजायचं तुमच्याकडं हाय व्हय?” मालकानं ऐकलं आणि लांबनं हाळी दिली, “हाय तर पंप बंद करतो की!” सगळं हसलं. मी बी हसलो, सगळ्यांत मोठ्यानं. आणि मनात म्हटलं, आज पंप, उद्या परत पळालो तर मालक इचारणार, परवा कोणतरी सांगणार.

दुसऱ्या दिवशी ती बारकी गोळी मी चुलवाणात टाकली. रोज गुऱ्हाळावर गेलो की पयला निवद आगीला. त्या सालाला आमच्या चुलवाणाचं बीपी एकदम नॉर्मल हुतं. त्याच्या पायाला सूज न्हाय, दम न्हाय, काय न्हाय.

ऱ्हायल्या बाकीच्या गोळ्या. त्यांच्या बाबतीत मी अडाण्यागत वागलो न्हाय, इचार करून चुकलो. आमच्यात रस फेसाळून उतू आला की शेंगतेलाचं दोन थेंब मारत्यात, फेस खाली बसतोय. बसला की हात थांबवायचा. फेस न्हाय आणि तेल मारतोय असा गुळव्या कुणी बघितलाय? त्याला लोक येडा म्हणतील. मी म्हटलं, हार्टचं बी तसंच असणार. छातीत जड वाटलं की दोन गोळ्या मारायच्या, हलकं वाटलं की बंद. वीस वर्सं काहील संभाळलेल्या माणसाला एवढुशी छाती संभाळाय येत न्हाय व्हय? त्यात डॉक्टरचीच चूक मला दिसत हुती. ज्याला दुखत न्हाय त्याला रोज गोळी घाल म्हणतोय, म्हंजे त्यानं आयुष्यात काहील बघितलेली न्हाय.

जिभंखालच्या गोळीचं आणि येगळंच. ती जागा आधीपासनं भरलेली. खालच्या व्हटात तंबाखू, जिभंखाली गोळी, म्हंजे एका खोलीत दोन भाडेकरू. तंबाखू जुना, त्याला काढणार कसा? गोळी खिशात ऱ्हायली. पुढं घामानं तिचं पीठ झालं आणि सदऱ्याबरोबर धुतली गेली.

मधनं आमचा मेव्हणा आजऱ्यास्नं आला. त्यानं पिशवीतनं काजूगर काढलं आणि त्याच्याखालनं कसलीतरी साल काढली. “ह्या सालीचा काढा घ्या दाजी. इंग्रजी गोळ्यांनी आतडी सडत्यात.”

“तुला कुणी सांगटलं?”

“आमच्या गावात एकजण घ्यायचा की.”

“आता कसाय त्यो?”

“गेला. पण हार्टनं न्हवं.”

एवढा भक्कम पुरावा मिळाल्यावर मी काढा सुरू केला. त्याची चव अशी, की दोन दिवसांत मी त्यो बी बंद केला. मी काय पक्षपात करत न्हाय, इंग्रजी असूंदे न्हायतर गावठी, सगळ्या औषधांस्नी सारखंच वागवतोय.

डॉक्टरकडं दाखवाय मात्र मी नेमानं जायचो. पावणं येणार म्हटल्यावर आपण आदल्या दिवशी घर सारवतो की न्हाय? तसं तारखंच्या आधी दोन दिवस मी सगळ्या गोळ्या अगदी वेळंवर घ्यायचो, बारकी सुद्धा, गुऱ्हाळाला सुट्टी मारून. डॉक्टर पट्टा बांधून बीपी बघायचा आणि खूश व्हायचा. “छान! गोळ्या लागू पडतायत. चालू आहेत ना?”

“व्हय.”

बस्स, एवढंच. बाहीर बाकड्यावर माणसं दाटीवाटीनं बसलेली, आत त्याची नजर दारावर. त्याच्या तोंडात ‘चालू आहेत ना’ आणि माझ्या तोंडात ‘व्हय’. मी गुळव्या हाय, आगीपुढं उभा ऱ्हातोय, मला मधीच पळाय जमत न्हाय, हे त्यानं इचारलं न्हाय आणि मी सांगटलं न्हाय. सांगायचं म्हंजे गोळी टाकतोय हे बी सांगावं लागलं असतं. आणि एवढ्या शिकलेल्या माणसाला वाईट कशाला वाटाय लावायचं? मी लई हळवा हाय.

असा एक सीझन गेला. दुसरा आला. दुसऱ्या सीझनच्या मध्याला माझं अंग धराय लागलं. लग्न झाल्यापासनं पयल्यांदा गाल वर आलं, हात भरलं, पाय असं गुबगुबीत झालं की चपलंचा अंगठा तुटला. मालक मला खालनं वर बघून म्हणला, “गुळव्या, तब्येत केलीस की रं!”

“तुमची किरपा, मालक.”

“आमच्या किरपेनं आमी वाळलोय आणि तू फुगलायस.”

गावात बी तेच. जो भेटंल त्यो म्हणायचा, गूळ मानवला. मी छाती काढून चालायचो, पण चार पावलं. पाचव्याला थांबून उसाकडं बघायचो, जसं काय उसाची पाहणी चाललीय. खरं म्हंजे दम लागायचा. झोपताना आडवं झालं की गुदमरायचं, म्हणून मी भिंतीला टेकून झोपाय लागलो. बायको म्हणली, “असं का?” मी म्हटलं, “साधू लोक असंच झोपत्यात.”

तिनं माझ्या नडगीवर बोट दाबलं आणि काढलं. तिथं खड्डा पडला. आमी दोघं बी त्या खड्ड्याकडं बघत बसलो. त्यो काय भरंना.

“पाण्याची गोळी घेतायसा न्हवं?”

“व्हय.”

ती डॉक्टर थोडीच हुती, ‘व्हय’ म्हटल्यावर खूश व्हायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरं आदण चढलं हुतं. आमचं गुऱ्हाळ रस्त्याला लागूनच, त्यामुळं कोण ना कोण येत असायचं. येणाऱ्याला रसाचा तांब्या आणि गरम गुळाचा खडा, ही गुऱ्हाळाची रीत. त्या दिवशी आमची बायको आली. मालकानं लांबनंच हाळी दिली, “या वैनी! रस देरं वैनीला!”

तिनं रस घेतला न्हाय. सरळ काहिलीपुढं माझ्याजवळ आली आणि चारचौघांत तळहात पुढं केला. हातावर ती बारकी गोळी.

“खावा.”

मी हळूच म्हटलं, “घरला येऊन खातो.”

“हितंच खावा.”

चिपाड सारणारा थांबला. दांडंवालं गडी बघाय लागलं. मालक तंबाखू मळत मळत जवळ आला. “कसली गोळी गं वैनी?”

तिनं माझ्याकडं बघितलं. तिनं तोंड उघडलं असतं तर माझी काहील तिथंच गेली असती. मी आधीच बोललो, “पित्ताची, मालक! पित्ताची!”

“मग खा की रं. पित्ताची गोळी खायला एवढा का लाजतोयस? नवरीच्या हातचा घास हाय व्हय?”

सगळं हसलं. बायको न्हाय, आणि पयल्यांदाच मी बी न्हाय. मी गोळी तोंडात टाकली, वर तांब्याभर पाणी प्यालो, आणि ती उसाच्या बांधावर जाऊन बसली. घरला गेली न्हाय. मी काय करतोय ते बघत बसली.

काहील पुढं चालली हुती. मळी काढून झाली, रस घट्ट व्हाय लागला, रंग फिराय लागला. आणि दोन सीझन उपाशी ठेवलेली गोळी एका दिवसात सगळी थकबाकी वसूल कराय निघाली. मी एका पायावर उभा ऱ्हायलो. मग दुसऱ्या पायावर. मग झारा दोन्ही पायांच्या मधी धरून उभा ऱ्हायलो. बुडबुडं मोठं व्हाय लागलं. आता हलायचं न्हाय, ही तीच वेळ. अजून थोडं, पाक अजून कच्चा हुता, वासच सांगत हुता. माझं डोळं काहिलीवर आणि जीव भलतीकडंच. हृदयाचं काय व्हायचं ते हूंदे, पण मालकापुढं आणि बायकोपुढं धोतर भिजलं तर बावड्यात तोंड कसं दावायचं?

मी वरडलो, “उतरवा!”

गडी माझ्या तोंडाकडं बघाय लागलं. एकजण म्हणला सुद्धा, “गुळवं, एवढ्यात?”

“उतरवा म्हणतोय न्हवं!”

त्यांनी दांडं लावलं, आणि मी पळालो. काहील वाफ्यापतोर जायच्या आधी मी उसात. तिथं माझं काम झालं, लई झालं, पण उठाय गेलो तर उठता येईना. श्वास आत जाईना. सरीत बसलो तसाच. वरनं पाचट टोचतंय, खाली चिखल, आणि मी तोंड उघडं टाकून माशागत. मला सगळ्यात आधी काय वाटलं असंल? मरतोय असं? न्हाय. मला वाटलं, वाफ्यातला पाक बसंल का न्हाय.

बसला न्हाय. मालकानं वाफ्यात फावडं घातलं आणि वर काढलं तर त्याची तार सुटली, चिकट पातळ. काकवी झालीती. मालक फावडं तसंच धरून उभा. वीस वर्सांत माझं आदण कच्चं उतरलं न्हवतं. त्यानं गड्याला शिवी दिली न्हाय, मला दिली न्हाय. बांधावर बसलेल्या बायकोकडं वळून म्हणला, “वैनी, काय झालंय त्याला? पित्त सांगू नगा.”

तिनं सगळं सांगटलं. मी उसातनं ऐकत हुतो. माझ्या अंगात तिला गप्प करायचा दम सुद्धा ऱ्हायला न्हवता.

मालकानं आणि गड्यांनी मला उचलून जीपमधी घातलं. बायको मागं, माझं डोकं तिच्या खांद्यावर. मालक गाडी हाकत हुता आणि मागं न बघता वरडत हुता. “मला सांगाय काय हुतं रं तुला?”

मी दम घेत घेत म्हटलं, “सांगटलं असतं तर... काहील काढून घेतली असती तुमी.”

मालकानं हॉर्न दाबला. पार कावळा नाका येईपतोर दाबतच ऱ्हायला. मग म्हणला, “घेतली असती.”

आणि परत थोड्या वेळानं, “पण जित्ता ऱ्हायला असतास की, माकडा.”

“अजून हाय की.”

“शाहूपुरी येऊंदे, मग बोल.”

दवाखान्यात सुई टोचली आणि माझ्या अंगातनं जे पाणी निघालं त्यात एक भाताचं वाफं भिजलं असतं. दुसऱ्या दिवशी गाल परत आत गेलं. मानवलेला गूळ सगळा लघवीवाटं गेला. डॉक्टर आला, त्यानं नेहमीचं इचारलं. “मामा, गोळ्या चालू होत्या ना?”

सवयीनं माझ्या तोंडातनं गेलं, “व्हय.”

मालक पायथ्याला उभा हुता. “चुलवाणाला चालू हुत्या, डॉक्टर. ह्याला न्हवं.”

मग डॉक्टर पयल्यांदाच खुर्ची वढून बसला आणि मी काय काम करतोय ते इचारलं. मालकानं सगळं सांगटलं, आग, काहील, ती हलायची न्हाय ती वेळ. मी मेल्यागत डोळं मिटून ऐकत हुतो. डॉक्टर म्हणला, “मग पाण्याची गोळी दुपारी घ्या की. काम संपल्यावर. तीनच्या पुढं घेतली तरी चालेल.”

मी डोळं उघडलं. “चालंल?”

“चालेल.”

“दुपारी?”

“हो. पण हे आधी विचारायचं नाही का?”

“तुमी बी आधी इचारायचं न्हाय का?”

डॉक्टरनं चष्मा काढून पुसला. माझ्याकडं चष्मा न्हवता, मी टोपी काढून झटकली. दोन सीझन मी ज्याच्यासाठी जीव धोक्यात घातला, ते कोडं एका ‘दुपारी’वर सुटलं. शिकलेला असतो तर लाजंनं मेलो असतो. न शिकल्याचा हाच फायदा.

पण त्यानं पुढं सांगटलं ते ऐकून माझा जोक संपला. हृदय आता आधीपेक्षा ढिलं झालंय, ह्या सीझनला आगीपुढं उभं ऱ्हायचं न्हाय. मी मालकाकडं बघितलं. मालक खिडकीतनं रस्त्याकडं बघत हुता.

मालकानं निपाणीकडचा गुळव्या आणला, निम्मं मराठी निम्मं कानडी बोलणारा. मी घरात. आमचं घर गुऱ्हाळापासनं लांब न्हवतं, आणि वारा तिकडनंच यायचा. सकाळी दारात बसलो की वास यायचा, आणि वासावरनं मला सगळं दिसायचं. मळी निघाली. आता तेल मारलं. आता घट्ट झाला. मी बसल्या जागी वरडायचो, “उतरव! आरं उतरव की, करपतोय!” कुत्री भुंकायची. बायको आतनं तांब्या आणि गोळी घेऊन यायची. “घ्या,” म्हणायची. मी घ्यायचो. काहील हातातनं गेल्यावर माझ्याकडं गोळी न घ्यायचं कारणच उरलं न्हवतं. त्याच्यासारखं वाईट न्हाय.

पुढच्या दिवाळीच्या आधी मालक घरला आला. चा प्याला, गुडघ्यावर हात ठेवून बसला आणि म्हणला, “गोळ्या सांग.”

“कसल्या?”

“तुझ्या. कुठली कवा घेतोस, सांग. घडाघडा.”

मी उभा ऱ्हायलो. खरंच उभा ऱ्हायलो, शाळंत ऱ्हायल्यागत. “पांढरी जेवल्यावर. बारकी दुपारी, काम झाल्यावर. जिभंखालची खिशात, बाटलीत, तंबाखू थुकून मग धरायची. गुलाबी सकाळी.”

“आणि?” आतनं बायकोचा आवाज.

“आणि... सकाळीच की.”

“संध्याकाळी बी.”

मालकानं आत बघून म्हटलं, “वैनी, असं करूया का, तुमीच उभ्या ऱ्हावा काहिलीपुढं?”

शेवटी ठरलं ते असं. सकाळच्या गारव्यातलं पयलं आदण माझं. पुढचं सगळं निपाणीवाल्याचं. मी बाजूला खाटंवर बसायचं, आगीपासनं लांब, आणि त्यानं इचारलं तरच बोलायचं. त्यो इचारत न्हाय, मी बोलतोय. अट एकच. दुपारची गोळी गुऱ्हाळावर, मालकाच्या डोळ्यापुढं. घरात घेतली, मघाशी घेतली, हे चालायचं न्हाय.

तवापासनं रोज दुपारी मालक गुऱ्हाळाच्या दुसऱ्या टोकापासनं बेंबीच्या देठापासनं वरडतोय, “गुळव्याऽ, मुतायची घेतलीस काऽ?” आख्ख्या बावड्याला माझं टायमिंग पाठ झालंय. कारखान्यातनं सुटणारी माणसं सायकली थांबवून इचारत्यात, आज उशीर झाला व्हय. मी घेतली म्हटलं की मालक म्हणतोय, “दाव!” मग मी तोंड उघडायचं, जीभ वर करायची, डावीकडं, उजवीकडं. चुलवाण जवळ असलं की मालकाचा माझ्यावर इश्वास न्हाय. बरोबर बी हाय. मधी दोनदा गालात धरलीती.

परवा शहराकडची पावणं आलीती, गाडी घेऊन, गूळ कसा करत्यात ते बघाय. नवरा-बायको काहिलीकडं बघत उभी. तेवढ्यात मालकाची हाळी आली, आणि मी खाटंवरनं उठून त्यांच्या पुढ्यातच आ करून जीभ दावली. त्यातली बाई दचकून मागं सरली. “अहो, हे काय करतायत?”

नवरा शिकलेला. त्यानं तिला सावकाश समजावून सांगटलं, “गूळ चाखून बघावा लागतो ना यांना. म्हणून जीभ तपासतात.”

बाई बिचारी मान हलवाय लागली. माझी गोळी खाली उतरली हुती, थोड्या वेळात ती कामाला लागणार हुती. मी त्यांच्या हातावर गरम गुळाचा एकेक खडा ठेवला आणि उसाकडं निघालो. मागं काहील उकळत हुती, निपाणीवाला तिच्यापुढं पाय रोवून उभा हुता, आणि मला पळायची काय गडबड न्हवती.